हैबतीचं मीठ

त्या राज्यात कृतज्ञता जिभेने व्यक्त करत.

ही नुसती बोलायची रीत नव्हे. तिथे खरोखरच जीभ वापरत. कुणी सगळ्यांसाठी रक्त सांडून परतला, की त्याच्या जखमेवरून जीभ फिरवायची, हा तिथला रिवाज. मुळात तो वाईट नव्हता. माळाच्या उत्तरेला एक घळ होती आणि घळीत साप होते. ते वर चढून आले की सशांची पिलं, खारींची पिलं, टिटवीची अंडी, कशाचाही मागमूस उरत नसे. म्हणून मुंगसांनी घळीच्या तोंडाशी चौकी धरली होती. सहा पावसाळ्यांपूर्वी घळीतले सगळे साप एकदम उठले, तेव्हा चाळीस मुंगसं चौकीवर गेली आणि सातव्या दिवशी पाच परत आली. साप मागे हटले होते. माळावर वैद्य नव्हता, औषध नव्हतं. शेजाऱ्यांनी त्या पाचांच्या जखमा चाटून स्वच्छ केल्या, आणि चाटताना ते खरंच रडले. त्यांच्याबद्दल पुढे जे सांगायचं आहे ते सांगण्याआधी एवढं त्यांच्या पदरात टाकलं पाहिजे.

त्याच दिवशी माळाचा कारभारी, म्हणजे रानडुक्कर, मोठ्या चिंचेपाशी गेला आणि त्याने आपल्या सुळ्याने खोडावर दोन ओळी कोरल्या. पहिली ओळ: घळ राखणाऱ्याची जखम चाटावी. दुसरी: ती भरेपर्यंत त्याचं बीळ सांभाळावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण दुसरी ओळ खाली, जमिनीलगत आली होती. चिंच वाढत राहिली, साल भरत गेली, आणि ती ओळ कुणी खरवडून मोकळी केली नाही. पहिल्या ओळीला मात्र दर वर्षी गेरूचा हात देत.

आता मिठाचं सांगायला हवं. त्या माळावर मीठ नव्हतं. खारवट मातीचा एक पट्टा होता, पण तो घळीपलीकडे. पहिल्या दिवशी रडण्याच्या भरात कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी सगळ्यांच्या लक्षात आलं आणि कुणी बोललं नाही, की जखम खारट लागते. तेव्हापासून चाटायला येणाऱ्यांची संख्या वाढली. त्याचा सोहळा झाला. सोहळ्याला ‘जिव्हार्पण’ असं भारदस्त नाव मिळालं आणि त्याच्या व्यवस्थेला एक चिटणीस मिळाला. तो जवादी मांजर होता. या जातीच्या अंगालाच सुगंध असतो, आणि तो चिटणिसाच्या फार उपयोगी पडे, कारण जखमांना आता वास येऊ लागला होता. सोहळ्याआधी चिटणीस जखमेच्या कडेकडेने आपलं अंग घासून जाई. मग चिंचेखालच्या दगडावर वीराला आडवं करत आणि रांग सुरू होई. चाटताना डोळे मिटायचे असा नियम होता. त्याला भक्तिभाव म्हणत. खरं म्हणजे त्या जखमेकडे बघवत नसे.

जी मुंगसं परत आलीच नव्हती, त्यांच्या बायकांना दगडाच्या डाव्या अंगाला बसवत आणि त्यांच्या गालांवरची आसवं चाटत. तीही खारटच. एखादी रडत नसली, तर चिटणीस तिच्याजवळ बसून तिच्या नवऱ्याचे शेवटचे क्षण सावकाश वर्णन करून सांगे. तो ते फार चांगलं सांगे.

पाचांपैकी चार जण जखमा नासून गेले. प्रत्येकाच्या मरणावर माळाने हळहळ व्यक्त केली आणि पुढच्या वर्षी उरलेल्यांपुढची रांग तेवढी लांबली. शेवटी एकटा हैबती उरला. अजगराने त्याची उजवी कूस बरगडीपर्यंत सोलली होती. सहा वर्षं झाली तरी ती ओलीच होती. आणि दर वर्षी त्या ओल्या कुशीवरून कितीतरी जिभा फिरून गेल्यावर उरलेलं वर्षभर ती निस्तरत बसे त्याची बायको सोनकी. सशांच्या जिभेला गवताचा चिकटा असे, डुकराच्या जिभेला चिखल, रानमांजराच्या जिभेला आदल्या रात्रीच्या उंदराचं काहीतरी. हे सगळं सोनकी पुसून काढी. पुसताना तिला शिसारी येई, आणि शिसारी आल्याची लाजही वाटे, कारण जखम तिच्या नवऱ्याची होती. मग हळूहळू तिला कळलं की शिसारी जखमेची येत नाही.

त्या पावसाळ्यात त्यांच्या बिळात पाणी शिरलं. हैबतीला खणता येत नव्हतं. तो चिखलात कुशीवर पडून राही. सोनकी कारभाऱ्याकडे गेली. रानडुक्कर चिखलात लोळत होता, पण त्याच्या चिखलाची गोष्ट वेगळी.

“कारभारी,” ती म्हणाली, “बिळात पाणी भरतंय. वरच्या अंगाला एक चर खणून दिलात तर लई बरं हुईल. तुमच्या नाकाच्या दोन धडकांचं काम हाय.”

रानडुक्कर गंभीर झाला. “वहिनी, हैबतराव आमचं दैवत. दैवताच्या दारात चर खणायचा? लोक काय म्हणतील? एवढे त्यांचे उपकार, आणि ते मातीने फेडायचे?”

“मग कशानं फेडायचं?”

“त्यासाठीच तर जिव्हार्पण आहे,” तो म्हणाला, आणि नकळत त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

“चिंचेवर दुसरी ओळ हाय,” सोनकी म्हणाली. “बीळ सांभाळावं म्हणून. तुमीच कोरलीत.”

त्याने चिंचेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “कुठे आहे? मला तर दिसत नाही,” तो म्हणाला. “जे दिसत नाही, ते मी कोरलं असं मी कसं सांगू? खोटं बोलायची आपल्याला सवय नाही.”

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात घेऊन सोनकी परतली. वाटेत ओढ्याकाठी म्हातारी कासवीण भेटली. तिने माळाचे चार कारभारी पाहिले होते आणि पाचव्याकडून तिची काही अपेक्षा नव्हती. सोनकीने जखमेचं सांगितलं. कासविणीने मान आत घेतली, विचार केला, मान बाहेर काढली.

“जखमंला जीभ नगं, पोरी. वारा पायजे,” ती म्हणाली. “पंधरा दिस कुनाला शिवू देऊ नगंस. कोरड्यात निजव. खपली धरंल. खपलीखाली कातडं येतंय, आन् कातडं आलं की माणूस हिंडाया लागतो. न्हाई धरली, तर ह्या सालची जीभ त्याची शेवटचीच समज.”

सोहळ्याला बरोबर पंधरा दिवस होते. सोनकीने वाळलेलं गवत ओढून आणलं, उंचवट्यावरच्या एका फुटक्या वारुळात पसरलं आणि हैबतीला तिथे नेऊन निजवलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दारातूनच वाटेला लावी. तेराव्या दिवशी सकाळी तिने पाहिलं, तर कुशीवर खपली धरली होती. काळी, खरखरीत, वेडीवाकडी. सोनकीने तिच्याकडे नवसाच्या लेकराकडे बघावं तसं पाहिलं.

दुपारी चिटणीस पाहणीला आला. सोहळ्याआधी जखमेची पाहणी करण्याची पद्धत होती. त्याने आधी हैबतीला मुजरा केला, मग सोनकीला, मग खपली पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

“अहो, हे काय करून ठेवलंत?”

“भरतीय ती,” सोनकी म्हणाली.

“ते दिसतंच आहे. पण परवावर सोहळा आला, वहिनी. भरलेल्या जखमेला जिव्हार्पण करायचं तरी कसं? लोक लांबून येतात, त्यांच्या भावना असतात. त्या आपण वाऱ्यावर सोडायच्या का?” मग तो हैबतीकडे वळला, आणि त्याचा आवाज एकदम ठेवणीतला झाला. “हैबतराव, चौकीचे शिस्तीचे गडी तुम्ही. मी काय सांगू?”

हैबती उठून ताठ बसला. ‘चौकी’ हा शब्द ऐकला की तो ताठ बसे. त्याचा त्यात काही दोष नव्हता. चिटणिसाने डोळे मिटले, चाळीस मुंगसांच्या स्मृतीस वंदन असो असं म्हटलं, आणि एका नखाने ती खपली कडेपासून उचलत नेऊन सबंध काढली. हैबतीने हूं की चूं केलं नाही. रक्त आलं. चिटणिसाने ते वाकून पाहिलं आणि “आता कसं!” म्हणाला. खपली त्याने टाकून दिली नाही. ती वडाच्या पानात नीट बांधून घेतली, कारण माळावर वीरांच्या वस्तूंचं एक दालन व्हायचं होतं. जाताना त्याने जखमेच्या कडेकडेने आपलं अंग घासलं.

तो गेल्यावर सोनकी वारुळामागे जाऊन ओकली. मग तोंड पुसून आत आली.

“का न्हाई बोललात?” तिने विचारलं.

“लोक प्रेमानं येत्यात गं.”

“प्रेमानं?”

“चाळीस गेलो, पाच आलो, आता मी एकलाच,” तो म्हणाला. “मी दगडावर निजतो तवा चिटणीस सगळ्या चाळिसांची नावं घेतो. वर्सातनं एकदा. मी न्हाई म्हनलो, तर ती नावं कोण घेनार?”

“तुमचं नाव घ्यायला मी एकली उरंन, त्याचं काय?”

त्याने मान वळवली. सोनकी तशीच बसून राहिली. वारुळाच्या तोंडाशी कडुलिंबाची एक फांदी लवलेली होती, तिच्याकडे तिची नजर पुन्हा पुन्हा जात होती.

सोहळ्याच्या दिवशी उजाडताच ती उठली आणि लिंबाचा पाला चावायला लागली. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. दहाव्या घासाला जीभ लाकडासारखी झाली. पाला चावून बारीक झाला की ती तो तळहातावर काढी आणि पुन्हा नवा तोंडात घेई. पुरेसा झाल्यावर ती हैबतीजवळ बसली.

“हे काय?” त्याने वास घेऊन विचारलं.

“लिंब.”

“कडू हाय?”

“तुमाला न्हाई. चाटणाऱ्याला.”

हैबती तिच्याकडे बघत राहिला. सहा वर्षांत त्याने चिटणिसाचा एकही हुकूम मोडला नव्हता. बाहेर ढोल वाजायला लागला होता. मग हैबती सावकाश कुशीवर वळला आणि त्याने जखम तिच्याकडे केली. सोनकीने चावलेला लिंब जखमेत भरला, बोटांनी दाबून दाबून, कानाकोपरा न सोडता. वर चिटणिसाने घासलेला सुगंध होताच, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

चिंचेखाली माळ लोटला होता. पहिली ओळ गेरूने लाल केलेली होती. चिटणिसाने चाळीस नावं घेतली, त्यातली दोन चुकीची. मग पहिल्या मानाचा रानडुक्कर पुढे आला. त्याने डोळे मिटले, जीभ काढली आणि हैबतीच्या कुशीवरून खालून वर एक ऐसपैस फटका मारला.

क्षणभर काही झालं नाही. मग त्याचं तोंड वाकडं झालं, मग कान, आणि मग सगळं अंग. “थू!” तो ओरडला. “थू, थू, थू!” आणि दैवताच्या दगडावरच थुंकला. मागच्या सशाला वाटलं, कारभाऱ्याला भावना अनावर झाल्या. त्यानेही चाटलं आणि तो गवतावर जीभ घासत गडाबडा लोळायला लागला. तिसऱ्याने नुसतं जिभेचं टोक लावून पाहिलं.

“बाटली!” चिटणीस किंचाळला. “जखम बाटली!”

मग माळाला तोंड फुटलं. खऱ्या वीराची जखम खारटच असते, असं एक जण म्हणाला. याला घळीत लागलंच नसेल, दुसरा म्हणाला, कुठेतरी दगडावर पडला असेल. एक घोरपड रडवेली झाली होती. आपण किती लांबून आलो, किती प्रेम दिलं, आणि शेवटी पदरात काय पडलं, असं ती ज्याला त्याला सांगत होती. कुणीतरी ढेकूळ मारलं. हैबती दगडावर ताठ बसून होता, आणि त्याच्या पुढ्यात सोनकी उभी राहिली.

“सहा वर्सं ह्यांचं मीठ खाल्लंत,” ती म्हणाली. लिंबाने जड झालेल्या जिभेमुळे शब्द नीट उमटत नव्हते, पण सगळ्यांना ऐकू गेले. “जागलात कदी?”

सगळे जिभा पुसण्यात गुंतले होते. डाव्या अंगाला बसवलेल्या बायकांपैकी एक म्हातारी मुंगशी उठली, तिने कोरडे गाल पंजाने पुसले आणि येऊन सोनकीच्या शेजारी उभी राहिली. त्या दोघींनी हैबतीला मध्ये घेऊन माळ ओलांडला.

त्याच संध्याकाळी हैबतीचं नाव वीरांमधून काढून टाकण्यात आलं. त्याने त्याचं काही बिघडलं नाही. उलट आता त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं आणि त्यासारखं औषध नव्हतं. सोनकी रोज सकाळी पाला चावी. तिच्या तोंडाची चवच गेली. पिकलं बोरही तिला कडू लागे. आठव्या दिवशी खपली धरली. महिन्याने ती आपोआप गळून पडली, आणि खाली गुलाबी, चकचकीत, केस नसलेलं कातडं होतं. हैबती आधी उभा राहिला, मग चालला. पुढचा पावसाळा यायच्या आत त्याने स्वतः बिळाच्या वरच्या अंगाला चर खणला. त्याला चार दिवस लागले. डुकराच्या नाकाच्या त्या दोन धडका होत्या.

मधूनच तो विचारी, “आता ती नावं कोण घेत आसंल?” मग दर संध्याकाळी तो आणि सोनकी बिळाच्या तोंडाशी बसून चाळीस नावं घेऊ लागली. म्हातारी मुंगशी चुकलेलं दुरुस्त करी.

माळाचंही काही अडलं नाही. सोहळा बंद पडू देणं कुणालाच परवडणारं नव्हतं. सगळ्यांच्या जिभेला चटक लागली होती. बोरीच्या काट्याने पाठीवर ओरखडा उठलेला एक गुबगुबीत ससा चिटणिसाने शोधून काढला आणि त्याची शौर्यगाथा रचली. ससा स्वतः ती ऐकून थक्क झाला. त्याचा ओरखडा चांगला खारट होता, आणि भरायला लागला की चिटणीस स्वतः जाऊन पाहणी करी. घळीच्या चौकीवर आता एक शेंदूर लावलेला दगड होता. त्याला रोज फुलं वाहत. चौकीवर बसायला कुणी नव्हतं. तरणी मुंगसं केव्हाच ओढ्यापलीकडे निघून गेली होती. दगडावरचे सहा सोहळे पाहिलेल्या कोणत्या आईने पोराला चौकीवर धाडलं असतं?

पुढच्या वर्षी सोहळ्याच्या दिवशी ऊन लख्ख होतं. हैबती आणि सोनकी उंचवट्यावर बसली होती. खाली चिंचेभोवती माळ दाटला होता.

“आज गर्दी चिक्कार हाय,” हैबती म्हणाला. त्याच्या आवाजात थोडीशी हुरहुर होती. सोनकीने ती ऐकली आणि सोडून दिली.

खाली चिटणिसाने नावं घ्यायला सुरुवात केली. या वर्षी ती दहाच होती. बाकीची वेळेअभावी वगळली होती. ससा दगडावर आडवा झाला. रांग लागली. सगळ्यांनी भक्तिभावाने डोळे मिटले आणि जिभा बाहेर काढल्या.

तेवढ्यात उत्तरेकडचं गवत हललं. वारा नव्हता. हैबतीची मान ताठ झाली. गवत हलत हलत शेंदरी दगडापाशी आलं, त्याला वळसा घालून पुढे सरकलं, आणि माळाच्या उघड्या जागेवर पहिला फणा दिसला. मागून दुसरा, मागून तिसरा, मग मोजता येणार नाहीत इतके. तेही जिभा बाहेर काढून येत होते. लांब, काळ्या, टोकाशी दुभंगलेल्या जिभा लवलवत होत्या. ते रांगेच्या शेवटाशी पोचले. शेवटच्या सशाच्या अंगाला मागून काहीतरी थंड लागलं. त्याने डोळे न उघडता थोडं पुढे सरकून मागच्यासाठी जागा केली.

“रांगेनं या,” चिटणीस डोळे मिटूनच म्हणाला. “सगळ्यांना मिळेल.”

उंचवट्यावर हैबती उभा राहिला होता. त्याच्या अंगावरचा केस न् केस उभा झाला होता. उजव्या कुशीवरचं ते गुलाबी कातडं तेवढं उन्हात उघडं चमकत होतं. त्याने एकदा सोनकीकडे पाहिलं.

सोनकीने हात वर करून लिंबाची फांदी खाली ओढली, मूठभर पाला ओरबाडला, आणि तोंडात घालून चावायला लागली.